झाटोपेक नव्हे, रोनो!

गेल्या वर्षी मंडळाच्या क्रीडा प्रश्नमंजूषेत एक प्रश्न होता: ‘लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये ट्रॅकवरची आजवरची सर्वश्रेष्ठ कामगिरी कोणाची?’ चार पर्याय दिले होते आणि बरोबर उत्तर म्हणून एमिल झाटोपेकचं नाव जाहीर झालं. टाळ्या पडल्या, गुण वाटले गेले आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळले. प्रश्न काढणाऱ्या मंडळींच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ‘गावस्कर मोठा की तेंडुलकर’ याचं उत्तर कोणी वहीत लिहून बरोबरची खूण करत नाही, मग इथे ती घाई का? आणि माझी खरी तक्रार पुढेच आहे. ज्या माणसाचं नाव त्या चार पर्यायांत असायलाच हवं होतं, ते नव्हतंच. शिवाय तो माणूस आपल्या याच वॉशिंग्टन राज्यात शिकला आणि त्याच्या त्या कामगिरीचा एक भाग आपल्या याच सिअ‍ॅटलमध्ये घडला! म्हणून हा लेखप्रपंच.

वादाची हद्द आधी आखून घेऊ, नाहीतर आपले वाद कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. विषय ट्रॅकचा आहे. त्यामुळे एलिउड किपचोगेच्या मॅरेथॉनचे दाखले घेऊन कोणी येऊ नये. किपचोगेची ट्रॅकवरची शर्यत सांगायचीच असेल, तर २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांच्या या पोराने ५००० मीटरमध्ये एल गेरूज आणि बेकेले या दोघांना मागे टाकलं ती सांगा. दुसरं असं की विषय कामगिरीचा आहे, कारकिर्दीचा नाही. कारकीर्द तोलायला बसलो तर गेब्रसेलासी आणि बेकेले या दोघांवरच स्मरणिका संपेल.

आता झाटोपेक. हेलसिंकी १९५२ म्हटलं की आपल्याला आठवतात ते खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं ते त्याच स्पर्धेत. खाशाबांच्या कुस्त्या चालू होत्या त्याच आठवड्यात हा चेक माणूस मान वाकडी करून, तोंड वेडंवाकडं करून, जणू प्राण कंठाशी आल्यासारखा धावत होता. २० जुलैला १०,००० मीटर, २४ जुलैला ५००० मीटर, २७ जुलैला मॅरेथॉन. तिन्ही सुवर्ण आणि तिन्ही ऑलिंपिक विक्रम. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. आठ दिवसांत असं त्याच्याआधी कोणी केलं नव्हतं आणि त्याच्यानंतरही केलेलं नाही.

यात खोट काढायला मी बसलेलो नाही. पण हद्द आखली ती आखली. मॅरेथॉन हेलसिंकीच्या रस्त्यांवर झाली. ती वजा केली की उरतो ट्रॅकवरचा दुहेरी विजय, आणि तो तर कोलेहमाइननने १९१२ मध्ये, कुट्सने १९५६ मध्ये, विरेनने १९७२ आणि १९७६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये, यिफ्टरने १९८० मध्ये, बेकेलेने २००८ मध्ये आणि मो फाराने पुन्हा दोनदा केला आहे. विरेन तर म्युनिकमध्ये १०,००० मीटरच्या शर्यतीत मध्येच धडपडून पडला, उठला, सुवर्ण जिंकला आणि वर विश्वविक्रमही केला. झाटोपेकचं थोरपण तिहेरीत आहे आणि तिसरा पाय ट्रॅकबाहेर आहे. मला हा मुद्दा काढताना बरं वाटत नाही, पण प्रश्न मी काढलेला नव्हता.

दुसरा पक्ष घड्याळवाल्यांचा. आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाले जास्त, त्यामुळे हा पक्ष संख्येने मोठा. त्यांचं म्हणणं सरळ असतं: आकडे लावा, सगळ्यात छोटा आकडा ज्याचा तो मोठा. मग १०,००० मीटरसाठी २०२० साली व्हॅलेन्सियाला २६ मिनिटं ११ सेकंदांत धावलेला युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई हाच सर्वश्रेष्ठ, विषय संपला. तसा तो संपत नाही. त्या रात्री ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची पट्टी होती. ठरवलेल्या गतीने दिवे पुढे सरकत जातात आणि धावणाऱ्याने त्यांच्याबरोबर राहायचं, म्हणजे विक्रम आपोआप पायाखाली येतो. आपोआप म्हणणं अन्यायाचं आहे, मान्य, पाय त्यालाच हलवावे लागतात. पण पायात नव्या जातीचे, टाचेखाली उसळणाऱ्या फोमचे स्पाइक्स. झाटोपेक जळक्या कोळशाची खडी दाबून केलेल्या ट्रॅकवर धावला. या दोघांचे आकडे एका रकान्यात मांडणं म्हणजे आजीच्या पाट्यावरच्या चटणीची मिक्सरशी वेळ लावून तुलना करणं आहे.

घड्याळाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. फक्त आकडा किती छोटा यापेक्षा तो आकडा आपल्या काळाच्या किती पुढे होता हे पाहावं. या मापाने डॅनियल कोमेन खरोखर भयंकर माणूस. १९९६ मध्ये रिएतीला त्याने ३००० मीटर ७ मिनिटं २०.६७ सेकंदांत काढले. तो विक्रम मोडायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. १९९७ मध्ये तो दोन मैल आठ मिनिटांच्या आत धावला. एक मैल चार मिनिटांत धावणं हेच जिथे शंभर हत्तींचं बळ मानलं जातं, तिथे लागोपाठ दोन! पुढची सव्वीस वर्षं दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही. माझ्या यादीत कोमेन दुसरा किंवा तिसरा. पण त्याची सगळी जादू ३००० मीटरच्या आसपासची.

चीनच्या वांग जुनशियाचंही नाव घेतलं जातं. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये बीजिंगला तिने १०,००० मीटरचा विक्रम एका दमात ४२ सेकंदांनी खाली आणला. पण त्या प्रशिक्षकाच्या सगळ्याच गटाभोवती औषधांच्या संशयाचं धुकं आहे आणि ते कधी निवळलं नाही. मी हा दाखला बाजूला ठेवतो.

खरा सामना रॉन क्लार्कशी आहे. ऑस्ट्रेलियाचा हा माणूस नोकरी सांभाळून धावत असे. १० जुलै १९६५ रोजी लंडनला तीन मैल १३ मिनिटांच्या आत, जगात पहिल्यांदा. चारच दिवसांनी ऑस्लोला १०,००० मीटर २७ मिनिटं ३९.४ सेकंदांत. तोपर्यंत २८ मिनिटांच्या आत कोणी आलंच नव्हतं, आणि याने तोपर्यंतचा अधिकृत विक्रम, जो त्याचाच होता, ३६ सेकंदांनी मागे टाकला. त्याच्या नावावर एकूण सतरा विश्वविक्रम जमा झाले. आणि ऑलिंपिक? टोकियोत १९६४ मध्ये एक कांस्य. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या विरळ हवेत १०,००० मीटरच्या शेवटी सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. सुवर्ण नाहीच.

१९६६ मध्ये क्लार्क प्रागला गेला, तेव्हा झाटोपेकने त्याला निघताना एक छोटी पुडी हातात दिली. विमानात उघडून पाहतो तर आत हेलसिंकीचं १०,००० मीटरचं सुवर्णपदक. झाटोपेकच्या भक्तांनो, झाटोपेकलाच साक्षीला बोलवा. पदक गळ्यात आहे की नाही यावरून धावणाऱ्याची उंची ठरत नाही हे त्या माणसाला कळत होतं, आणि आपली प्रश्नमंजूषा अजून पदकं मोजते आहे!

आता माझा उमेदवार. हेन्री रोनो, केनियाच्या नंदी टेकड्यांमधला. जन्म १९५२, म्हणजे हेलसिंकीच्याच वर्षी. केनियाच्या लष्करातून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला, १९७६ साली, आणि आला कुठे, तर पुलमनला. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं तिथे वॉशिंग्टन स्टेटमध्ये शिकली किंवा शिकताहेत. ऑगस्टमध्ये गाडीत रजई, राइस कुकर आणि लोणच्याची बरणी भरून आपण आय-९० ने निघतो, स्नोक्वाल्मीचा घाट चढतो, व्हँटेजला कोलंबिया ओलांडतो आणि मग क्षितिजापर्यंत गव्हाच्या टेकड्या लागतात. मुलाला सोडून परत येताना गाडीत कोणी बोलत नाही. त्या टेकड्यांमध्ये हा चोवीस वर्षांचा परका मुलगा जॉन चॅप्लिन या प्रशिक्षकाच्या हाताखाली रोज धावत होता. पाठीमागे मंडळ नाही, गणपती नाही, रविवारी घरचा फोन नाही.

१९७८ साली त्याने काय केलं ते तारखांसकट लिहितो, कारण तारखाच इथे बोलतात.

८ एप्रिल, बर्कली. ५००० मीटर, १३ मिनिटं ८.४ सेकंद. न्यूझीलंडच्या डिक क्वाक्सचा विश्वविक्रम साडेचार सेकंदांनी मोडला.

१३ मे, सिअ‍ॅटल. ३००० मीटर स्टीपलचेस, ८ मिनिटं ५.४ सेकंद. मागचा विक्रम माँट्रिअल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत झालेला होता.

११ जून, व्हिएन्ना. १०,००० मीटर, २७ मिनिटं २२.५ सेकंद. इथे मोडला तो सॅमसन किमोब्वाचा विक्रम, आणि किमोब्वाही पुलमनचाच विद्यार्थी. तोही आठ सेकंदांनी मागे पडला.

२७ जून, ऑस्लो. ३००० मीटर, ७ मिनिटं ३२.१ सेकंद. ब्रेंडन फॉस्टरचा विक्रम जवळजवळ तीन सेकंदांनी खाली.

पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक्याऐंशी दिवस. चार शर्यती, चार विश्वविक्रम. त्यातले पहिले दोन विद्यापीठांच्या स्पर्धांत, जिथे जोडीला पळायला त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं आणि कडेला दिवे तर नव्हतेच.

ज्यांना फक्त आकड्यांनी काही वाटत नाही त्यांच्यासाठी: व्हिएन्नाची शर्यत म्हणजे ताशी साडेतेरा मैलांहून जास्त वेग, साडेसत्तावीस मिनिटं सलग. आपल्या जिममधल्या ट्रेडमिलचं बटण बहुतेक ठिकाणी बारापाशीच थांबतं. पट्ट्याला त्याहून जोरात पळताच येत नाही.

पण माझा सगळा भर वेगावर नाही, तो स्टीपलचेसवर आहे. ही शर्यत आपल्याकडे फारशी कोणी पाहत नाही. ३००० मीटरमध्ये अठ्ठावीस वेळा तीन फुटी लाकडी ओंडका ओलांडायचा आणि सात वेळा ओंडक्यावरून पाण्याच्या खड्ड्यापलीकडे झेप घ्यायची. शंभर मीटरच्या अडथळ्यांसारखा हा ओंडका धक्का लागला की पडत नाही. पडतो तो धावणारा. ओले बूट घेऊन पुढचा अडथळा. यासाठी लागतं एका प्रकारचं शरीर, आणि पंचवीस फेऱ्यांच्या १०,००० मीटरसाठी दुसऱ्या प्रकारचं. सतार आणि पखवाज दोन्ही वाजवणारे असतील, पण एकाच मोसमात दोन्हींत घराणं काढणारा कोण? ३०००, स्टीपलचेस, ५००० आणि १०,००० या चारही विश्वविक्रमांचा एकाच वेळी धनी झालेला रोनो हा एकटाच. क्लार्क नाही, कोमेन नाही, बेकेलेही नाही. बेकेलेच्या पाठीराख्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

यावर मला हमखास तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: ‘विक्रम घड्याळाशी, माणसांशी झुंज कुठे दिली?’ दिली. त्याच वर्षी अल्जिअर्सच्या आफ्रिकी स्पर्धेत १०,००० आणि स्टीपलचेसचं सुवर्ण, आणि एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५००० आणि स्टीपलचेसचं सुवर्ण. एका वर्षात चार.

दुसरं उत्तर मोठ्या आवाजात येतं: ‘अहो, पण ऑलिंपिक पदक नाही ना त्याच्याकडे!’ नाही. १९७६ मध्ये न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला म्हणून वीसहून अधिक देशांनी, बहुतेक आफ्रिकी, माँट्रिअलवर बहिष्कार घातला. त्यात केनिया होता. १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला आणि केनिया अमेरिकेबरोबर राहिला. रोनोचं वय पहिल्या वेळी चोवीस, दुसऱ्या वेळी अठ्ठावीस. पहिल्या बहिष्कारामागचं कारण न्यायाचं होतं असं मी मानतो. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याकडूनच पुन्हा पदकाची पावती मागायची, हा कुठला न्याय?

आणि आपण भारतीयांनी तर हा मुद्दा काढूच नये. आपल्या हॉकी संघाचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण कुठलं? मॉस्को, १९८०. पाकिस्तान आला नव्हता, पश्चिम जर्मनी आली नव्हती. म्हणून आपण ते सुवर्ण कोणा भारतीयाच्या गळ्यातून काढून घेतो का? नाही घेत आणि घेऊही नये. मग जे आले त्यांचं पूर्ण मोजायचं आणि ज्याला येऊ दिलं नाही त्याचं शून्य धरायचं, हे गणित मला कोणीतरी समजावून सांगावं.

तिसरं उत्तर हळू आवाजात, जरा नाक मुरडून येतं: ‘तो पुढे दारूच्या आहारी गेला म्हणे.’ गेला. वर्षानुवर्षं गेला. काही काळ याच देशात बेघर राहिला, विमानतळावर सामान उचलण्यापर्यंतची कामं केली, मग सावरला, मुलांना धावायला शिकवलं, आत्मचरित्र लिहिलं, २०१९ मध्ये मायदेशी परतला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबीत वारला. प्रश्न १९७८ च्या उन्हाळ्याचा आहे, त्याला नंतरच्या तीस वर्षांचा हिशेब कशाला जोडता? झाटोपेकलाही १९६८ नंतर त्याच्या सरकारने सैन्यातून काढून अंगमेहनतीच्या कामाला लावलं. ती गोष्ट सांगताना आपला गळा दाटून येतो. रोनोची गोष्ट सांगताना मात्र भुवया वर जातात. एकट्याने परदेशात येऊन राहिलेल्या माणसाचं काय होऊ शकतं हे या सभागृहातल्या कोणाला ठाऊक नाही? आपल्यातल्या कोणाचंच असं झालं नाही म्हणून छातीठोक सांगणाऱ्याने पुढे यावं. आणि जाता जाता: १९८१ मध्ये, वजन वाढलेलं असताना, दारू चालू असताना, हा माणूस नॉर्वेतल्या क्नार्विक या गावी ५००० मीटर १३ मिनिटं ६.२० सेकंदांत धावला आणि स्वतःचाच विश्वविक्रम मोडला.

त्याच्या त्या सिअ‍ॅटलच्या वेळेचं पुढे काय झालं? अकरा वर्षं ती तशीच राहिली. १९८९ मध्ये पीटर कोएचने मोडली ती ८:०५.३५ अशी. रोनोची वेळ हातातल्या घड्याळाने दशांशापर्यंत घेतलेली, कोएचची यंत्राने शतांशापर्यंत. याला मोडणं म्हणायचं की बरोबरी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक तुलना आपल्या घरातली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आपल्या महार रेजिमेंटचा जवान, हा भारताचा आजवरचा सर्वोत्तम स्टीपलचेस धावपटू. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं ते केनियाच्या सुवर्णविजेत्याच्या अवघ्या पाच शतांश सेकंद मागे राहून. ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम केला: ८ मिनिटं ९.९१ सेकंद. महिन्याभराने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा आला, आणि आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘अरेरे, फक्त अकरावा’ असे निरोप फिरले. मॉस्कोचं स्टीपलचेसचं सुवर्ण ८:०९.७० ला गेलं होतं. साबळेची पॅरिसची वेळ तिथे जवळजवळ सुवर्णाला भिडली असती. आणि ती वेळ, नव्या बुटांनिशी, नव्या ट्रॅकवर, शेहेचाळीस वर्षांनंतर, रोनोच्या सिअ‍ॅटलच्या वेळेपेक्षा साडेचार सेकंद जास्त आहे. साबळे किती मोठा हे ज्याला कळलं त्याला रोनो किती मोठा हे कळायला वेळ लागू नये. ज्याने ‘फक्त अकरावा’ लिहिलं, त्याच्याशी माझा वाद नाही, त्याला मी पॉटलकला कोशिंबीर वाढीन.

कोणी सिफान हसनचं नाव घेतलं तर मात्र मला जरा थांबावं लागतं. इथिओपियातून निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये पोहोचलेली ही मुलगी २०२१ मध्ये टोकियोत नऊ दिवसांत सहा शर्यती धावली, साडेचोवीस किलोमीटर. १५०० च्या प्राथमिक फेरीत शेवटच्या फेरीला पडली, उठली आणि ती शर्यत जिंकली, आणि त्याच संध्याकाळी ५००० चं सुवर्ण. मग १५०० चं कांस्य, आणि शेवटी १०,००० चं सुवर्ण. तिच्या बाजूने कोणी लेख लिहिला तर मी तो दोनदा वाचेन आणि उत्तर द्यायला वेळ मागेन. पण तिच्या त्या नऊ दिवसांत पाण्याचा खड्डा नव्हता.